एक दाता कमी

माझ्याकडे यामाहाची आरएक्स 100 आहे. ओव्हरटेक करताना ती पूर्वीसारखी उचलत नाही, असं मी म्हणालो की घरचे लगेच नव्या गाडीचा विषय काढतात. मला नवी गाडी नको होती, हीच चपळ करून हवी होती.

1985 ते 1996 या काळात आपल्याकडे बनलेली ही गाडी अवघी 98 सीसीची. पण टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एका फेऱ्याआड. त्यामुळे जेमतेम 100 किलोच्या गाडीला 11 बीएचपी मिळतात. आजच्या 100 सीसीच्या साध्या गाड्या 8 च्या आसपास असतात. म्हणजे पिकअप हिच्यात मुळातलाच. तो गेला कुठे हे न शोधता नवे पार्ट चढवत सुटणं मला पटत नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले आमचे मिस्त्रीही याच मताचे. ‘‘आधी हिचं हिला परत देऊया की, मग वाढवायचं बघू,’’ म्हणाले आणि सायलेन्सर उतरवला. एक्झॉस्ट पोर्टच्या कडेनं काळा, कडक कार्बन धरला होता. पोर्ट झाकलं जाईल इतका पिस्टन वर आणून, हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं त्यांनी तो हळूहळू खरवडला. खपली निघाली की फुंकर मारायची, बोट फिरवून बघायचं, पुन्हा खरवडायचं. मग रीड व्हॉल्व्ह उजेडासमोर धरला. एका पातीखालून बारीक फट दिसत होती, म्हणजे आत ओढलेलं मिश्रण थोडं थोडं मागं फिरत होतं. पाती बदलल्या, क्लच प्लेटा बदलल्या, कार्बोरेटर धुतला. एवढ्यावरच गाडीचा आवाज भरीव झाला.

पुढं काय करायचं, यावर मात्र मी बरेच दिवस विचार केला. पोरं पोर्ट घासून घेतात. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला फोर-स्ट्रोकसारखे वेगळे व्हॉल्व्ह नसतात, पिस्टनच वर-खाली होताना पोर्टं उघडतो नि झाकतो. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड घासून उंच केली, की ते लवकर उघडतं आणि ताकद वरच्या आरपीएमला सरकते. खालची ओढ तेवढी मंदावते. शर्यतीच्या ट्रॅकवर ते चालेल. मी गगनबावड्याकडे जाणारा माणूस. उसाच्या ट्रॉलीमागून तिसऱ्या गिअरवर बाहेर पडायचं असतं, तिथं मला ओढ खालीच हवी. शिवाय धातू एकदा घासला की परत येत नाही.

म्हणून पुढचं स्प्रॉकेट एका दात्यानं लहान केलं. 14 च्या जागी 13 दाते आले, तर मागच्या चाकावरची ओढ साधारण 7-8 टक्क्यांनी वाढते. प्रत्येक गिअर तेवढाच लवकर संपतो आणि हायवेवर इंजिन जास्त फिरतं. इंजिनाची ताकद यानं कणभरही वाढत नाही, ती कुठं वापरायची एवढंच ठरतं. माझ्या रस्त्यापुरतं ते मी ठरवू शकलो, याचा मला फार आनंद आहे. नव्या गाडीत हा निर्णय कारखान्यातच कुणीतरी घेऊन टाकलेला असतो.

ब्रेकचे लायनर त्याच दिवशी नवे टाकले. जोरात सुटणारी गाडी ड्रम ब्रेकवर थांबवायची असते, त्यात तडजोड नाही. कर्कश सायलेन्सरला मी ठाम नकार दिला. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 मूळ बनावटीत मनमानी फेरबदल करू देत नाही हे खरंच. पण गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची झोप मोडून मिळणारा पिकअप मला मुळातच नको.

आता ब्लॉकचं बोअर 0.50 मिमी ओव्हरसाइझवर, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढं मोठं आहे. 0.75 आणि 1.00 चे पिस्टन अजून शिल्लक आहेत, त्यानंतर नवी स्लीव्ह घालावी लागेल. मिस्त्रींनी चांगला 0.75 चा पिस्टन दिसला तर घेऊन ठेवायला सांगितलंय, मी शोधतोय.