सुकलेली होडी

माउली, कीर्तनात आपण नाव हा शब्द इतक्या वेळा ऐकतो, की खरी नाव लाकडाची असते, तिला खिळे लागतात आणि ती कुजतेही, याचा आपल्याला विसर पडतो. आज थोडे त्या खऱ्या नावेविषयी.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हा एकादशीला पलीकडच्या विठ्ठलमंदिरात जाणारी मंडळी आमच्या घरच्या शिडाच्या होडीतून जात. पूल झाला आणि होडी उंडीच्या झाडाखाली पडली ती बारा वर्षे. मग एका हॉटेलवाल्याने ती मागितली. बागेत ठेवून तिच्यात फुलझाडे लावायची होती. पैसे चांगले देत होता. होडी सामाईक आणि चुलतभावाच्या मुलीची कॉलेजची फी डोक्यावर. 'विकू नको' म्हणणे मला सोपे होते, त्याला नव्हते. दोन दिवसांनी तो म्हणाला, "दादा, पयला सुताराला दाखवूया. पठाण गेला असंल तर देऊन टाकू."

पठाण म्हणजे नावेच्या तळाचा कणा. म्हातारा सुतार आला, हातोडीने एकेक फळी वाजवत फिरला. चांगले लाकूड खणखणते, कुजलेले भद्द वाजते. पठाण सागवानी होता, खणखणला. कुजले होते ते तळाशी, जिथे पावसाचे पाणी साचत होते. तुम्हा देशावरच्या मंडळींना हे उलटे वाटेल, पण खारे पाणी लाकडाला कुजू देत नाही. गोडे पाणी साचून राहिले की नाश. समुद्राने काही बिघडवले नव्हते. बिघडवले ते तिला कोरड्यावर ठेवण्याने.

आतल्या बरगड्यांसाठी सुतार रानात वाकड्या फांद्या शोधत हिंडला. सरळ लाकूड कापून बाक दिला तर त्याच्या शिरा तुटतात. जन्मतःच वाकलेली फांदी हवी. घराच्या तुळईला जे झाड कोणी विचारणार नाही, त्याच्यासमोर तो अर्धा अर्धा तास उभा राही. गंजलेले लोखंडी खिळे काढून तांब्याचे मारले. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेल्या कापसाचा पीळ ठोकून बसवला, वर राळ आणि तेलाचा लेप. मी जोरात ठोकू लागलो तसा त्याने हात धरला. फट गच्च भरली, तर पाण्यात फुगलेल्या फळ्या एकमेकींना रेटतात आणि खिळे ढिले होतात. फुगायला जागा ठेवायची.

निम्म्या फळ्या बदलल्यावर भावाने विचारले, "आता ही आपली जुनी होडी कशी म्हणायची?" त्याला मी 'ट्रिंकोमाली'ची गोष्ट सांगितली. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेले हे सागवानी शिडाचे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. मोडकळीला आल्यावर १९८७ साली ते तिथे नेले आणि २००१ साली दुरुस्ती पुरी झाली. नवे लाकूड पुष्कळ घातले, तरी जहाज तेच. भावाला हे फारसे पटले नाही. इंग्रजांच्या जहाजाचे त्याला काय! पण माउली, आपल्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, या गळ्यातून त्या गळ्यात जाते. विणेकरी किती बदलले म्हणून पहारा तुटला असे कोणी म्हणते का? हे म्हटल्यावर तो गप्प बसला आणि रंधा उचलला.

फी कर्ज काढून भरली. ते कर्ज आम्ही दोघे अजून फेडतो आहोत.

आश्विनात होडी पाण्यात घातली. संध्याकाळपर्यंत ती निम्मी भरली. भाऊ बादली घेऊन धावला, तर सुतार म्हणाला, "उपसू नको. बारा वर्षांची तहान हाय, पिऊ दे." त्या रात्री आम्ही दोघेही काठावरून हललो नाही. चौथ्या दिवशी पाणी उपसून टाकले, ते पुन्हा आत आले नाही. फळ्यांनी फुगून आपल्या फटी आपणच मिटवल्या होत्या.

कार्तिकी एकादशीला पलीकडे जायला टाळ घेऊन नऊ जण आले. बाकीची मंडळी पुलावरून गाडीने गेली आणि आमच्या आधी पोहोचली.