चंद्राचीं वीस नांवें

इंदिरानगरांत आमच्या गच्चीवरून नैर्ऋत्येस पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. शिलालेखांत ज्यास त्रिरश्मि म्हटलें आहे, तोच हा. नव्या इमारतींनीं त्याचा बराच भाग झांकला असला, तरी माथा अद्याप मोकळा आहे. गेल्या मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेस संध्याकाळीं आमची नात चित्रांचें एक पुस्तक घेऊन वर आली आणि म्हणाली, "आजोबा, हे दोघे कोण हो?"

चित्र होतें कास्पार डाविड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचें, 1819 च्या सुमाराचें; मूळ चित्र ड्रेस्डेन येथें आहे. खडकाळ डोंगरवाट, मुळांसकट कललेला जुना वृक्ष आणि पलीकडे मावळती चंद्रकोर. दोन पुरुष आपणांकडे पाठ करून ती पाहत उभे आहेत. काठी घेतलेला तो स्वतः चित्रकार, व त्याच्या खांद्यावर हात टेकलेला तरुण त्याचा शिष्य औगुस्ट हाइनरिश, असें मानितात. हा शिष्य 1822 सालीं ऐन तारुण्यांत वारला.

'गुरु-शिष्य' हा शब्द उच्चारतांच आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. आमचा एक विद्यार्थी संस्कृताच्या तासास वहींत चांदण्यांतला डोंगर काढीत बसला होता. आम्हीं तें पान फाडिलें, आणि अमरकोशांतील चंद्राचीं वीस नांवें दहा वेळां लिहून आणण्याची शिक्षा दिली. त्यानें तीं अचूक लिहून आणिलीं. पुष्कळ वर्षांनीं तो बाजारांत भेटला. वांकून नमस्कार केला. "अजून चित्रें काढतोस का?" असें विचारतां तो हंसून म्हणाला, "नाहीं सर, तें तेव्हांच सुटलें." त्या हंसण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें.

हिमांशु, इंदु, मृगांक, कलानिधि. हीं नांवें आम्हीं जन्मभर मुलांकडून पाठ करविलीं. परंतु एकाही मुलास अंगणांत नेऊन "बाळ, वर पाहा," असें म्हटलें नाहीं. त्या जर्मन गुरूनें तेवढेंच केलें; तो शिष्याशेजारीं उभा राहिला.

नातीस आम्हीं हें सारें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. त्रिरश्मीच्या माथ्यावर कोर टेकत आली होती. तिच्या पोटांतलें उरलेलें बिंबही अंधुक दिसत होतें. नात खालीं जाऊन वही व पेन्सिल घेऊन आली. वीसही नांवें आमच्या ओठांवर आलीं होतीं. तीं तेथेंच ठेवून आम्ही गच्चीवरचा दिवा मालविला, आणि तिच्या शेजारीं उभे राहिलों.