मसाईवरचा पाला

पन्हाळ्याहून मसाई पठारावर जाणारी माणसं दोन जातीची. एक पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेवाली; जुलैत येतात, चिंब भिजतात, घोषणा देत पुढे निघून जातात. दुसरी सप्टेंबरात येतात आणि दोन तासांत शंभर पावलंही पुढे सरकत नाहीत. गळ्यात भिंग, खांद्यावर रद्दीचा गठ्ठा, गुडघे चिखलात. वनस्पतिशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या अशाच एका टोळीमागे मी चाललो होतो.

लांबून पाहिलं तर पठार म्हणजे गवताचा माळ. पण खाली सगळा जांभा आणि त्यावर जेमतेम बोटभर माती. पावसाळ्यात पाणी तुंबून राहतं, एप्रिलमध्ये त्याच कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. मातीत नत्राचा दुष्काळ. त्यामुळे इथल्या काही वनस्पतींनी सरळ मांसाहार पत्करलाय. दवबिंदूचं इवलंसं पान भिंगाखाली धरलं, तर लालसर केसांच्या टोकांवरचे चिकट थेंब दिसले आणि एका थेंबात चिलटाचा पंख. शेजारी सीतेच्या आसवांचा निळाजांभळा गालिचा. ही बाई दिसायला सोज्वळ, पण तिचा कारभार मातीखाली. तंतूंवर बारीक फुगे असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव दाराशी आला की झडप उघडते आणि तो आत ओढला जातो. डोळ्याची पापणी लवते त्याच्या किती तरी आधी. हे सगळं सीतामाईच्या नावावर खपवणं जरा अन्यायाचंच.

टोळीतली एक मुलगी गेंदाच्या पांढऱ्या घुंड्यांसमोर पालथी पडली होती. गेंदाच्या बऱ्याच जाती वरवर सारख्याच दिसतात. फुलावरून भागत नाही, बी पाहावं लागतं. ते खसखशीहूनही बारीक. तिनं एक रोप मुळासकट उचललं, कागदात पसरलं आणि वहीत लिहिलं: क्रमांक, जागा, तारीख, उंची, पाणथळ का कोरडी. पावसाळी हवेत हे कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी सगळं खाऊन टाकते. पीएचडीची निम्मी वर्षं रद्दी वाळवण्यात जातात, असं तीच म्हणाली.

म्हशी घेऊन आलेले एक मामा बराच वेळ बघत उभे होते.

"काय ओ ताई, ह्यो पाला इकायचा हाय व्हय?"

"न्हाई मामा, कागदावर चिकटवायचा."

"आन् मग?"

"कपाटात ठेवायचा."

मामा मनापासून हसले. मग वाडीवर चहाला नेलं.

चहात गवती चहा होता, परसातला. त्याचा खऱ्या चहाशी काडीचा संबंध नाही. ते निव्वळ गवत, उसाच्या भाऊबंदांतलं. त्याला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल नावाच्या द्रव्यामुळे. वर गूळ पडला, म्हणजे एकाच कुळातली दोन गवतं एका कपात. कोल्हापूर जिल्ह्याला साजेसंच.

मामा ज्या कपाटाला हसले ते हर्बेरियम. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात अशा कपाटांत या डोंगरांतल्या वनस्पती वाळवून, चिकटवून, नावानिशी ठेवल्यात. श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा जाडजूड ग्रंथ २००२ साली विद्यापीठानं काढला, तो अशाच नमुन्यांच्या आधारावर. कंदीलपुष्पांच्या संवर्धनासाठी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाचं नाव आहे. रसायनशास्त्रज्ञ एखाद्या पानाचा अर्क काढतो, त्यात अमुक औषधी द्रव्य सापडलं म्हणून शोधनिबंध लिहितो. पण ते पान कोणत्या झाडाचं, हे दाखवणारा नमुना कपाटात नसेल तर त्या निबंधाला काय अर्थ उरतो? मला तरी हेच या उद्योगातलं मोठं काम वाटतं, आणि पैसा सगळ्यात कमी तिथंच.

ओळख पटल्यावर काय होतं, ते नरक्याच्या बाबतीत दिसलं. आंबा घाट, राधानगरी भागातलं हे लहान झाड. फुलांना घाण वास, म्हणून हे नाव. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळ नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात आढळलं. त्यापासून घडवलेल्या टोपोटेकान आणि इरिनोटेकान या कर्करोगावरच्या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. इकडे सह्याद्रीत कुऱ्हाडी चालल्या. झाडं तोडून, वाळवून, पोत्यांनी बाहेर गेली. तोडणाऱ्याच्या हाती मजुरीपलीकडे फारसं काही लागलं नाही.

गुळवेलीची गोष्ट याच्या उलट. करोनाच्या काळात घरोघर काढे उकळले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, ती गुळवेलच कशावरून? तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. भांडण औषधापेक्षा ओळखीवरच जास्त रंगलं.

मसाईहून परतल्यावर विभागात बसलो होतो, तेव्हा एक निवृत्त मास्तर पिशवीत वेल घेऊन आले. महिनाभर काढा चालू होता. मुलीनं हटकलं म्हणून खात्री करायला आलेले. पठारावरच्या त्याच विद्यार्थिनीनं पान उलटं करून त्यावर अंगठा फिरवला आणि माझ्यापुढे धरलं. मखमलीसारखी लव. गुळवेलीचं पान दोन्ही अंगांनी गुळगुळीत असतं.

"सर, ही तिची बहीण. गुळवेल नव्हे."

"अहो, तालमीतल्या वस्तादांनी दिलीय!"

"वस्तादांनी पान उलटून बघितलं नसंल."

मास्तर थोडे रागावले. पण काढा बंद करायचं कबूल केलं. तिनं वेलीचा हातभर तुकडा कापून घेतला, रद्दीच्या पानावर पसरला आणि पेन उघडून विचारलं, "कुठल्या बांधावरची? कधी तोडली?"