काचेची पाटी

खुळखुळा, चिमण्यांचें छत, लाकडी ठकी, दगडी पाटी असा बाळाच्या भोवतींच्या वस्तूंचा क्रम ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना आतां त्या रांगेंत एक काचेची पाटीहि येऊन बसलेली पाहून मौज वाटते आणि थोडी धास्तीहि वाटते. तिला टॅब्लेट म्हणतात. घरांत ती पूर्वींच शिरली. आतां ती बालवर्गांत शिरत आहे आणि तिच्या पाठोपाठ भिंतीएवढा पडदाहि येत आहे. घरीं आई कामांत असतां मूल गुंतून राहावें म्हणून तिचा आश्रय घ्यावा लागतो, हें समजण्यासारखें आहे. परंतु मुलाकडे पाहणें हेंच जिचें काम अशी शिक्षिका जेथें समोर उभी आहे, तेथें ही पाटी कशासाठीं? असें विचारणारा हल्लीं मागासलेला ठरतो. आमचें वय पाहतां ती पदवी आम्हांस फारशी जड जाणार नाहीं.

यंत्राशीं आमचें वैर नाहीं. आमचा चरितार्थ छापील पुस्तकांवर चालला आहे, आणि छापील पुस्तक हेंहि एके काळीं यंत्राचेंच नवल होतें. ज्या मुलाला वाचा नाहीं, त्याला चित्रावर बोट ठेवून ‘पाणी हवें’ असें या पाटीकडून बोलवितां येतें. अशा मुलाच्या हातून ती काढून घेणें हें क्रौर्य होईल. आमचा प्रश्न धडधाकट, बडबड्या, तीन-चार वर्षांच्या मुलांपुरता आहे.

इ. स. २००३ मध्यें अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांच्या एका गटासमोर चिनी बोलणारी व्यक्ति प्रत्यक्ष बसे, पुस्तक वाची, खेळणीं दाखवी. अशा १२ बैठकी झाल्या. दुसऱ्या गटाला तेंच बोलणें पडद्यावर दाखविलें. पहिल्या गटांतील बाळांना चिनी ध्वनींचा सूक्ष्म भेद कळूं लागला. पडद्यासमोर बसलेलीं बाळें चिनी कधींच न ऐकलेल्या बाळांहून तसूभरहि पुढें गेलीं नाहींत. पुढें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत दोन-अडीच वर्षांच्या मुलांना पडद्यावरूनहि नवीं क्रियापदें शिकतां आलीं. मात्र पडद्यापलीकडील बाई त्याच क्षणीं त्यांना पाहत होती, त्यांच्या बोलण्याला उत्तर देत होती, तेव्हांच. आधीं चित्रित केलेली बाई दाखवितांच शिकणें थांबलें. म्हणजे काचेला बोल लावण्यांत अर्थ नाहीं. मूल पाहतें तें इतकेंच, कीं पलीकडे आपल्याला उत्तर देणारें कोणी आहे कीं नाहीं.

ही गोष्ट आमच्याकडील जुन्या बालशिक्षकांना प्रयोगावांचूनच उमगली होती. मॉंटेसोरीबाईंनीं १९०७ मध्यें रोम येथें बालगृह काढलें, तेथें अक्षर खरखरीत कागदाचें केलें. बोट फिरवितांना तें हाताला जाणवावें हा हेतु. काचेवर क आणि ज्ञ सारखेच गुळगुळीत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीला, व पुढें कोसबाडला, शंख-शिंपले, बिया, पानें अशा फुकटच्या साहित्यावर वर्ग उभे केले. मुलें शाळेंत येईनात तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर झाला आहे. त्याच अंगणवाडींत आतां सेविकेच्या हातीं पोषणाच्या नोंदींसाठीं फोन आहे. तो मोठ्यांच्या कामासाठीं आहे, म्हणून त्याविषयीं येथें अधिक बोलत नाहीं. पण नोंद भरतांना बाईंची मान खालीं असते, एवढें सांगून ठेवतों.

स्वीडनची कथा थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. २०१८ सालीं ठरलेल्या तेथील बालशाळांच्या अभ्यासक्रमांत अशीं साधनें वापरणें आवश्यक केलें होतें. २०२३ पासून सरकारनें दिशा बदलली आणि २०२५ मध्यें ती सक्ति काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेनें तर २०१९ मध्येंच दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा पाहण्यास दिवसाकांठीं फार तर एक तास, आणि कमी तेवढा बरा, असें सांगितलें आहे.

आतां अडचणीची बाजू. एका शिशुवर्गाच्या व्यवस्थापक मंडळावर आम्ही आहों. तीस पाट्या घेण्याची सूचना पुढें आली, म्हणून विक्रेत्याचा माणूस नमुना दाखवून गेला. आंब्याच्या चित्राला बोट लावलें कीं टाळ्या वाजत. एका चिमुरडीनें चाळीसएक वेळां बोट लावलें. तिचें लक्ष आंब्याकडे नव्हतें, टाळ्यांकडे होतें. हें आम्हीं वर्गाच्या बाईंना दाखविलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “सर, तें मला दिसतें. पण पस्तीस मुलें आणि मी एकटी. एक पडला, दुसऱ्यानें चड्डी ओली केली. ती पाटी असली म्हणजे अर्धा तास तरी जिवाला स्वस्थता.” यावर विद्वत्तेचें उत्तर नाहीं. रिक्षा चालविणाऱ्या एका पालकांनीं त्याहून कठीण प्रश्न टाकला: “तुमच्या घरच्या पोरांना हें घरीं मिळतं, सर. आमच्यांना शाळेंतही नको म्हणतां?” त्यांच्या मुलाला गोष्टी सांगणारी आजी गांवीं आहे, आई दोन घरचीं कामें करते. त्याच्याशीं दिवसांतून निवांत बोलणारें मोठें माणूस मिळालें तर या वर्गांतच मिळणार, असें आम्हीं त्यांना सांगितलें. त्यांना तें पटलें असें वाटलें नाहीं. श्रीमंताच्या मुलाला पाटी आणि गरिबाच्या मुलाला बोलणें, ही वांटणी कोणालाहि संशयास्पदच वाटेल.

हिशेब केला तेव्हां दिसलें कीं तीस पाट्यांच्या किंमतींत एका मदतनीस बाईचा सुमारें दोन वर्षांचा पगार निघतो. दुसरी बाई आली तर पस्तिसांचे दोन घोळके होतील, आणि पहिल्या बाईंना अर्धा तास स्वस्थताहि मिळेल. विरोधी सभासद म्हणतात, मदतनीस जाहिरातीच्या पत्रकावर छापतां येत नाहीं, पाट्या छापतां येतात, आणि त्यांवर पुढच्या वर्षींचे प्रवेश अवलंबून आहेत. हेंहि खोटें नाहीं. शनिवारीं मतें घ्यावयाचीं आहेत. सात सभासदांपैकीं मदतनिसाच्या बाजूचे आमच्यासह तीन झाले आहेत. चौथ्यांकडे उद्यां सकाळीं जावयाचें आहे.