पक्का रंग

माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत मी रंगरसायन शिकले, तेव्हा चांगल्या रंगाची खूण एकच होती: तो पक्का हवा. रंगवलेल्या कापडाची पट्टी अर्धी झाकून दिव्याखाली ठेवायची आणि उघडा भाग किती विटला ते निळ्या लोकरीच्या 8 प्रमाणपट्ट्यांशी ताडून बघायचं. ऊन म्हणजे रंगाचा वैरी, हे आमच्या अंगात मुरलं होतं.

म्हणून 1991 साली ‘नेचर’मधला ओरेगन आणि ग्रेट्झेल यांचा रंगाकडून वीज करून घेणाऱ्या सौर सेलवरचा लेख वाचला तेव्हा मी चक्रावलेच. टायटॅनियम डायॉक्साइडच्या, म्हणजे टायटॅनियाच्या, सूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर, त्याला चिकटलेला रुथेनियमचा रंग, भोवती आयोडीनचं द्रावण. रंगावर ऊन पडलं की तो इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयोडाइड त्याची भरपाई करतं. कार्यक्षमता 7 टक्क्यांच्या वर!

आमचा पहिला सेल जांभळाचा. वीजवाहक काचेवर सेलोटेपच्या दोन पट्ट्या लावल्या, मधल्या जागेत टायटॅनियाची लापशी काचकांडीने पसरली, टेप काढून काच 450 अंशांवर भाजली. जांभळं मलमलीतून पिळून त्या रसात ती बुडवली. पांढरा थर डोळ्यांदेखत जांभळा झाला. दुसऱ्या काचेवर पेन्सिल घासली, मध्ये आयोडीनचे थेंब सोडले आणि सेल खिडकीत धरला. मीटरवर 0.4 व्होल्टच्या आसपास! प्रवाह जेमतेमच होता. पण हात आडवा धरला की आकडा पडायचा, काढला की चढायचा. तो खेळ आम्ही संध्याकाळपर्यंत खेळलो.

रुथेनियम दुर्मीळ आणि महाग, म्हणून मग धातूविना रंग करायचा ध्यास लागला. एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा ट्रायफिनाइलअमीन, मध्ये थायोफीनचा पूल, दुसऱ्या टोकाला सायनोअ‍ॅक्रिलिक आम्ल. इलेक्ट्रॉन घेणारं तेच आणि टायटॅनियाला घट्ट धरणारंही तेच. रंग उडायचा नाही, इलेक्ट्रॉन मात्र उडायला हवा! प्लास्टिकच्या स्टेन्सिलने ट्रेसिंग पेपरवर रेणू काढायचा, वेंकटरामन यांचे रंगरसायनावरचे जाडजूड खंड उलटायचे आणि अंदाज बांधायचा. दोन महिने उकळवून, कॉलममधून गाळून हाती आलेला रंग कधी इतका देखणा असायचा की वहीत त्याचा एक ठिपका जपून ठेवावासा वाटे. आणि सेलमध्ये तो साफ निकामी, कारण त्याचे रेणू एकमेकांवर रचले जायचे. त्यांना लांब शेपट्या लावून दूर ठेवायचं असतं, हे असे कित्येक रंग वाया गेल्यावर कळलं.

आता माझी विद्यार्थिनी रात्री चाळीस रेणू संगणकावर सोडून घरी जाते. सकाळी प्रत्येकाच्या ऊर्जापातळ्या तयार: उत्तेजित पातळी टायटॅनियाच्या पुरेशी वर आहे का, मूळची आयोडाइडच्या खाली आहे का. चाळिसातले तीनच ती प्रत्यक्ष बनवते. ते दोन महिने मला परत नकोत. आलेखाच्या कागदावर पेन हळूहळू शिखर चढायचं तेव्हा धरलेला श्वास मात्र अजून आठवतो.

2009 मध्ये जपानात याच सेलमध्ये रंगाच्या जागी पेरोव्हस्काइट नावाचं स्फटिकी द्रव्य घातलं गेलं आणि पुढे कितीतरी प्रयोगशाळा तिकडे वळल्या. मला ते लागलं. रंगांचं काम संपलं नव्हतं. 2011 मध्ये पॉर्फिरिनच्या रंगाने 12.3 टक्के गाठले. 2022 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने दोन धातूविना रंग एकत्र बसवून 15.2. घरातल्या दिव्यांसारख्या मंद उजेडात तर तोच सेल 28 ते 30 टक्के देतो.

रंग सेलमध्ये चालेल का, हे संगणक आधी बरंचसं सांगतो. दहा उन्हाळ्यांनंतर रंग टिकेल का, हे तो अजून धड सांगू शकत नाही. गेल्या आठवड्यात विद्यार्थिनीने नवा, कडा बंद केलेला सेल आणून दिला. गडद लाल, कुंकवासारखा. मी काळ्या कागदाने तो अर्धा झाकला आणि दक्षिणेच्या खिडकीत ठेवला.

“मॅडम, हे कशाला?”

“पावसाळ्याआधी कागद काढू,” म्हटलं, “मग दोघी मिळून बघू.”