कारखान्याच्या बॉयलरला पूजा, घरच्या गिझरला कोण?

दसऱ्याच्या आगंमागं आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होतं. चेअरमन सपत्नीक पूजा करतात, संचालक रांगेत उभे राहतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी, की त्या बॉयलरची बाष्पके संचालनालयाकडून तपासणी झालेली असते आणि तो चालवायला परीक्षा पास झालेला माणूस लागतो. त्यासाठी १९२३ पासून कायदा आहे, २०२५ मध्ये त्याजागी नवा आला. वाफेचा दाब म्हणजे खेळ नव्हे, हे सरकारला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

घरातलं पाणी तापवायचं यंत्र त्या कायद्यात बसत नाही. बसवा असंही मी म्हणत नाही. पण थंडी सुरू झाली आहे आणि गल्लीत निम्म्या घरांत जुने गिझर चालू झालेत, म्हणून लिहितोय. जरा लांबलंय, पण वाचा.

आमच्या पेठेतल्या घरी परड्यात तांब्याचा बंब होता. तरुण पोरांना सांगायला लागतं आता, म्हणून सांगतो. बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप, मधोमध आरपार नळी, खाली जाळी. नळीत बंबफोड नाहीतर करवंट्या टाकायच्या, जाळ नळीतून वर जातो आणि भोवतीचं पाणी तापतं. बाजूला तोटी. वखारीतनं बंबफोड यायची, गावाकडनं शेणी आणि तुरकाट्या. (शेणीला कोल्हापुरात मान आहे बरं का. पंचगंगेच्या स्मशानात महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते ते शेणींवरच, आणि होळी लहान करून शेणी दान करणारी मंडळंही इथलीच.)

या बंबाला कसलं बटण नव्हतं, तरी आमची आजी त्याच्यावर बरोबर हुकूम चालवायची. जाळ मोठा झाला की खालचं राखेचं तोंड अर्धं झाकायचं, हवा कमी, जाळ कमी. पाणी कडक झालं की वर एक घागर गार पाणी. एक नियम मात्र कुणी मोडायचा नाही: काढलं तेवढं पाणी परत ओतायचं. बंब कोरडा पडला आणि खाली जाळ राहिला की डाग सुटले, मग तांबटाकडं चक्कर. बंब फुटल्याचं मात्र मी ऐकलेलं नाही, कारण त्याचं वरचं तोंड उघडं. वाफ कोंडतच नाही. आणि धूर परड्यात, माणूस न्हाणीत, मधी भिंत.

बंबाचं कौतुक करायला ही पोस्ट नाही. धुरानं आजीचे डोळे गेले म्हणा ना. आणि आज ज्यांच्याकडं बंब आहेत त्यातले बरेचजण सकाळी त्यात दुधाच्या पिशव्या, पाइपचे तुकडे, फाटकी चप्पल घालतात. पीव्हीसी जाळलं की डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात आणि ती शेजारच्या लेकराच्या छातीत जातात. तरी २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला, उपसा केंद्रं पाण्यात गेली, वीज गेली, तेव्हा शाहूपुरीतनं आमच्याकडं आलेल्या पाहुण्यांना अंघोळीला ऊन पाणी त्या बंबानंच दिलं, हेही खरं.

विजेच्या साठवणीच्या गिझरचं थोडक्यात सांगतो. ती टाकी बंद असते, म्हणजे बंबाच्या उलट. थर्मोस्टॅट चिकटला तर पाणी तापतच राहतं आणि मग वाचवतो सेफ्टी व्हॉल्व्ह. बोअरच्या पाण्याचा क्षार बसून तोच व्हॉल्व्ह जाम होतो. त्यातनं थेंब गळतो म्हणून काही प्लंबर तिथं बूच मारतात. तसलं बूच दिसलं तर आजच काढून नवीन व्हॉल्व्ह बसवा. बाकी अर्थिंग, तीस मिलिअँपिअरचा ब्रेकर, आणि अंगावर पाणी घ्यायच्या आधी बटण बंद. पंधरा लिटर पाणी दोन किलोवॅटच्या गिझरला पस्तीस अंशांनी वाढवायला वीसेक मिनिटं लागतात, दिवसभर चालू ठेवायचं काही कारण नाही.

आता खरं बोलायचं ते गॅस गिझरबद्दल.

गेल्या डिसेंबरात माझी भाची, कॉलेजची पोर, बाथरूममध्ये गेली ती वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना. पाण्याचा आवाज चालू, हाकेला ओ नाही. बहिणीनं दार बडवलं, शेजारचे दोघं आले, कडी तोडली. पोर भिंतीला टेकून बसलेली, शुद्ध नाही. बाहेर गॅलरीत आणली, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळी बोलायला लागली. "मामा, डोकं जड झालं एवढंच आठवतंय," म्हणाली. वास आला का विचारलं, तर नाही.

वास येणारच नव्हता. सिलिंडरच्या गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. इथं गॅस गळलाच नव्हता, तो व्यवस्थित जळत होता. बाथरूम चार बाय सहा फुटांचं, उंची आठ फूट, म्हणजे साडेपाच घनमीटरच्या आतच हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गिझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो, आणि तेवढा जळायला दोनेक घनमीटर हवा लागते. खोलीतल्या हवेचा तिसरा हिस्सा दहा मिनिटांत! हवा कमी पडली की जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतं. माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही, नुसती झोप येते.

आणि त्या बाथरूमची खिडकी? थंडी लागते म्हणून काचा लावून बंद. गिझर आत कुणी बसवला, तर प्लंबरनं, "पाइप कमी लागतोय" म्हणून. त्या पत्रकावर बारीक अक्षरात "बाथरूमबाहेर बसवा" असं लिहिलेलं, ते कुणी दाखवलं नाही.

तेव्हा मंडळी, गॅस गिझर असेल तर तो गॅलरीत किंवा उघड्या डक्टमध्ये हलवा, नुसतं गरम पाणी पाइपनं आत येऊ दे. ते होईपर्यंत बादली भरायची, गिझर बंद करायचा, दार-खिडकी उघडून हवा जाऊ द्यायची, मग अंघोळ. जाळ निळा हवा. पिवळा दिसला, वर काजळी धरली, की बर्नर साफ केल्याशिवाय वापरायचा नाही. आत कुणी पडलंच तर आधी दार उघडा, गॅस बंद करा, माणूस मोकळ्या हवेत आणा, मग १०८.

पण प्रत्येकानं आपापलं बघावं, एवढ्यावर हे सुटणारं नाही. राजारामपुरीत, विद्यापीठाच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांत बाहेरगावची पोरं राहतात. तिथला गिझर कुठं लावायचा हे पोरं ठरवत नाहीत. एजन्सीचा माणूस ठरावीक वर्षांनी घरी येऊन शेगडी, नळी, रेग्युलेटर तपासतो आणि स्वयंपाकघरातनंच परत जातो. त्यानं बाथरूममध्येही डोकवावं. महापालिकेनं भोगवटा प्रमाणपत्र देताना डक्ट खरंच उघडा आहे का हे जागेवर जाऊन बघावं, नकाशावर सगळेच डक्ट उघडे असतात. आणि भाड्यानं खोल्या देणाऱ्यांना आत गिझर लावायला सरळ बंदी घालावी.

या तीन मागण्यांचं निवेदन आम्ही गल्लीतल्या लोकांनी लिहिलंय. येत्या सोमवारी आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचं आहे. तुमच्या अपार्टमेंटच्या सह्या जोडायच्या असतील तर रविवारपर्यंत मेसेज करा, कागद घेऊन मी येतो.