माती चालली, गाडी थांबव

सणासुदीच्या तोंडावर जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश निघतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पाच किंवा अधिक माणसांनी जमायचे नाही, मिरवणूक काढायची नाही, असे त्यात बजावलेले असते. बहुतेक आदेशांत शेवटाकडे एक बारीकशी ओळ असते: लग्नकार्य आणि अंत्ययात्रा यांना हे लागू नाही. यवतमाळचा एक निवृत्त एसटी चालक दरवेळी ती ओळ शोधून वाचतो आणि म्हणतो, ‘तेवढं तरी शहाणपण शाबूत आहे.’ त्याची अर्धी नोकरी तिरड्यांच्या मागे गाडी उभी करण्यात गेली, असे त्याचे सहकारी चेष्टेने सांगतात.

त्याचे लहानपण दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात गेले. कुणी गेले की बांबू तोडून आणत. दोन लांब बांबू, मध्ये आडव्या कामट्या, वर कडबा, आणि सुंभाने आवळलेली तिरडी अंगणातच तयार होई. थोरला मुलगा धुमसत्या गोवरीचे मडके शिंकाळ्यात धरून पुढे चाले. गावाबाहेर लिंबाखाली विसावा असे. तिथे तिरडी टेकवायची, पुढच्यांनी मागे यायचे, मागच्यांनी पुढे जायचे, दमलेले खांदे बदलायचे. समोरून बैलगाडी आली तर धुरकरी कासरा ओढून खाली उतरे आणि टोपी काढून उभा राही. वाहतुकीचा नियम काय तो एवढाच.

एसटीत लागल्यावर तो स्वतःच धुरकऱ्याच्या जागी आला. कंडक्टर मागून सांगे, ‘हॉर्न नको मारू गा, माती चालली.’ खिडकीतल्या बाया पदर सावरून हात जोडत. प्रवासाला निघताना प्रेत आडवे गेले तर काम होते, हा समज पक्का. त्यामुळे कोर्टाच्या तारखेला निघालेली मंडळी उलट खूश होत. गाडी उशिरा पोचल्याची तक्रार कुणी केली नाही, असे मात्र नव्हे.

मग रस्तेच बदलले. नागपूर–तुळजापूर महामार्ग यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा जिल्ह्यातून आरपार जातो. त्याचे चौपदरीकरण झाले, मध्ये दुभाजक आला. ज्या गावाची वस्ती एका बाजूला आणि स्मशानभूमी दुसऱ्या बाजूला, तिथे आता खांदेकऱ्यांची परीक्षा असते. पुढचे दोघे दुभाजकावर चढतात, मागचे खालीच असतात, तिरडी कलते, प्रेत मागे सरकू लागते आणि कुणीतरी ओरडते, ‘दोर धरा, दोर धरा!’ नाहीतर दुभाजकातल्या फटीपर्यंत उलट्या दिशेने चालायचे. समोरून कापूस भरलेले ट्रक. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचे शवविच्छेदन होऊन रुग्णवाहिका गावात पोचते, तेव्हा सारे गाव मागे चालते. त्या गावाला ‘जरा लवकर आटपा’ कोण सांगणार?

शहरातले दुखणे निराळे. संध्याकाळी दत्त चौकात मोटारसायकलींच्या गर्दीत अंत्ययात्रा शिरली की दोन्हीकडची माणसे वैतागतात आणि दोघांचेही काही चुकत नाही. दुकानातून औषध घेऊन घरी निघालेल्यालाही घाई असतेच. पण भर चौकात फटाक्यांची माळ लावणे, बॅंजो वाजवत अर्धा तास अडून बसणे याला मयताचा मान म्हणायला चालक तयार नाही. त्याच्या मते ती मागे राहिलेल्यांची हौस.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला ७ डिसेंबर १९५६ रोजी राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत लोटलेला जनसागर, किंवा १८ नोव्हेंबर २०१२ ला मातोश्रीहून शिवाजी पार्ककडे निघालेली बाळासाहेब ठाकरे यांची अंत्ययात्रा, यांच्यासाठी मुंबई थांबली. साध्या माणसासाठी वाहतूक शाखा आधी पत्रक काढत नाही. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे; तिरडीसाठी असे कलम नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शववाहिनीमागे दिवे लावून निघालेल्या गाड्यांच्या रांगेला लाल सिग्नलवरही जाऊ देतात. आपल्याकडे हे काम अजून खांद्यावर उपरणे टाकलेला एखादा काका हात आडवा करून करतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या आदेशात अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसे नकोत असे आले. त्याच काळात चालकाचा मावसभाऊ गेला. रस्ता रिकामा होता, शववाहिनी कुठे न थांबता स्मशानात पोचली. एवढ्या लवकर पोचल्याचे कुणालाच बरे वाटले नाही.

त्यानंतर त्याचे मत पक्के झाले. शहरात अंतर लांब असेल तर शववाहिनी घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण शेवटचा टप्पा खांद्यावरच हवा: रस्त्याची एक बाजू धरून, फटाके न लावता, पुढे-मागे एकेक माणूस वाहने सांभाळायला ठेवून. नगरपालिकेने स्मशानाकडे जाणाऱ्या रस्त्याला सलग पदपथ द्यावा आणि महामार्ग बांधणाऱ्यांनी स्मशानाच्या वाटेवर दुभाजक तिरडी जाईल एवढा मोकळा सोडून तिथे गाड्यांचा वेग आवरावा. हे होईपर्यंत गाडी चालवणाऱ्यांनी निदान हॉर्नवरचा हात काढावा.